हेमचंद्र गोवंडे विरुद्ध सक्तीचा विमा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक पूल आहे आणि तो पूल आकाशात उभा आहे.

हॉलंडमधल्या रायस्वाइक गावातून फ्लीट नावाचा कालवा जातो, त्यावरचा हा पूल. खालून बोट यायची झाली की घंटा वाजते, लाल दिवे लुकलुकतात, फाटकं आडवी होतात आणि डांबरी रस्त्याचा भला थोरला तुकडा पांढऱ्या पट्ट्यांसकट उठून उभा राहतो. अलीकडे-पलीकडे सायकलवाल्यांची गर्दी. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. कुणी सफरचंद खातंय, कुणी मागच्या खुर्चीतल्या पोराचं नाक पुसतंय. मार्चमधली सकाळ, उजेड राखाडी, आणि वारा असा की त्याला पात्रयादीत वेगळी ओळ द्यावी.

या गर्दीत पिवळ्या रेनकोटात एक उंच माणूस उभा आहे. हा हेमचंद्र गोवंडे. पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात वीसेक वर्षं वकिली केलेला माणूस. आता तो डेल्फ्टच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करतो. लोकांनी टाकून दिलेले दिवे आणि रेडिओ लागतात की नाही ते तपासतो. त्याच्या मागे, चार सायकली सोडून, त्याची बायको भार्गवी. तिला खरं तर रॉटरडॅमची गाडी पकडायला उलट्या दिशेला जायचं होतं. आज ती मुद्दाम त्याच्या मागे आली होती आणि हे त्याला माहीत नव्हतं.

बोट गेली. पूल हळूच खाली बसला, फाटकं वर झाली आणि सगळा जमाव एकदम चढाला लागला. शाळेची पोरं, पोटुशी बाई, सत्तरी उलटलेले आजोबा, सगळे वाऱ्यात डोकं खुपसून वर निघाले. हेमचंद्र मात्र उतरला. चेन पडल्यासारखा वाकून बघू लागला. चेन जागेवर होती, भार्गवीला लांबूनही दिसत होती. मग सायकल हातात धरून तो चालत चढू लागला. मध्यावर थांबला. रेनकोटाच्या आत हात घालून, कठड्याला टेकून तो पाण्याकडे बघत राहिला, जणू त्या कालव्यात बघण्यासारखं फार काही होतं.

भार्गवीने त्याला गाठलं.

"काय होतंय?"

तो दचकला. "तू? अगं, गाडी चुकेल तुझी."

"काय होतंय, विचारतेय."

"काही नाही. वारा आहे."

"वारा मलाही आहे, हेम."

त्याच्या कपाळावर घाम होता. त्या गारठ्यात. रेनकोटातला हात त्याने बाहेर काढला, घंटीवर ठेवला आणि उगाचच एकदा ती वाजवली. "जा तू," तो म्हणाला. "गुरुवारपर्यंत मला त्रास देऊ नकोस. गुरुवारनंतर म्हणशील तिथे येतो."

गुरुवारी सुनावणी होती.

आता ही सुनावणी कसली, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. भार्गवीला रॉटरडॅममध्ये जहाजांच्या मालाचा हिशेब ठेवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली आणि ती आधी आली. हेमचंद्र मागाहून आला. त्याच्या परवान्यावर 'डिपेंडंट' असा शिक्का होता. त्या शब्दावर तो आठवडाभर हसत होता, मग हसेनासा झाला. ज्याच्या टेबलासमोर पुण्यात लोक चपला काढून बसायचे, त्याला इथे कोणी ओळखत नव्हतं. कायद्याची पदवी इथे चालत नव्हती. सकाळी उठून दाढी करायचं कारण राहिलं नव्हतं, म्हणून दाढी वाढली. मग दुकानातलं काम मिळालं, दिवे लावून बघायचं. लागला तर हिरवी चिठ्ठी, नाही लागला तर लाल.

या देशात राहणाऱ्या प्रत्येकाला आरोग्य विमा घ्यावाच लागतो. सरकार तो विकत नाही, खासगी कंपन्या विकतात. पण घेतला नाही तर दंड सरकार करतं. दोनदा दंड होऊनही घेतला नाही, तर सरकार स्वतःच तुमच्यासाठी एक कंपनी निवडतं आणि हप्ता परस्पर पगारातून कापून घेतं. भार्गवीने आल्या आल्या घेतला होता. हेमचंद्रने आधी आळस केला आणि मग, पहिला दंड झाला त्या सकाळी, कित्येक महिन्यांनी गुळगुळीत दाढी करून तो जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला.

"भार्गवी, यात मुद्दा आहे," तो म्हणाला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, परत आला माझा नवरा.

मुद्दा त्याने तिला पोळीचा घास हातात धरून समजावला होता. "कर घ्या, देतो. कितीही घ्या. त्यातून दवाखाने बांधा. माझी ना नाही. पण बाजारात जा आणि अमक्या खासगी दुकानातून तमकी वस्तू विकत घे, नाही घेतलीस तर दंड, हे सरकार कुठल्या अधिकारात सांगतं? उद्या म्हणतील भाजी याच दुकानातून घे."

"आपण इथे समुद्राच्या पातळीखाली राहतो," भार्गवी म्हणाली होती. "बांधासाठी पट्टी भरतोच ना सगळे? माझ्या घरात पाणी यायचं नाही म्हणून मी भरणार नाही, असं म्हणशील?"

"वा! झकास!" त्याने टेबलावर थाप मारली होती. "पण ती पट्टी घेतं कोण? सरकार. कंपनी नाही. माझं म्हणणं तेच तर आहे. अमेरिकेत हाच प्रश्न सगळ्यात वरच्या कोर्टात गेला. न्यायाधीशांत फूट पडली. शेवटी कायदा वाचला तो कसा? तर हा दंड म्हणजे एक प्रकारचा करच आहे, असं म्हणून. म्हणजे प्रश्न खरा आहे की नाही?"

प्रश्न खरा होता, हे भार्गवीलाही पटत होतं. पण तिच्या ऑफिसातल्या एका डच सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत तिला सांगितलं की डच घटनेत एक कलम आहे. संसदेने केलेला कायदा घटनेला धरून आहे की नाही, हे इथल्या न्यायाधीशाने ठरवायचंच नाही. तिने घरी येऊन ते हेमचंद्रला सांगितलं.

"पाठ आहे मला ते कलम," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय! आपल्याकडे तरी घटनेत कुठे लिहिलं होतं की घटनेच्या गाभ्याला हात लावता येणार नाही म्हणून? तेरा न्यायाधीश बसले आणि त्यांनी ते शोधून काढलं. न्यायाधीश आहे तो, कारकून नाही. दार दिसलं नाही तर भिंत ठोकून बघतो."

ही चूक कुठल्याही डच माणसाने केली नसती. डच माणसाला ठाऊक असतं की भांडायचं ते संसदेत, कोर्टात त्या भिंतीपाशी जाऊन उपयोग नाही. पण हेमचंद्र ज्या मातीतून आला होता तिथे लोक सरकारला कंटाळले की कोर्टाकडे जातात आणि कोर्ट कधीकधी खरंच ऐकतं. तो विश्वास त्याने सामानाबरोबर इथे आणला होता. त्याचं वजन कुणी केलं नव्हतं.

दुसरा दंडही झाला. आता सरकार त्याच्यासाठी विमा निवडणार, त्याआधीच त्याने न्यायालयात तातडीचा अर्ज टाकला. प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत माझ्या गळ्यात विमा बांधू नका, स्थगिती द्या. वकील लावायची सक्ती नव्हती, स्वतःच उभं राहता येत होतं. त्यासाठी तो वर्षभर डच शिकत होता. दुकानात दिवे तपासताना क्रियापदं म्हणायचा. आणि तारीख पडली.

तारीख पडली आणि त्याच सुमाराला पूल चढताना तो उतरायला लागला.

शनिवारी सुनेत्राकडे जेवण होतं. सुनेत्रा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. नागपूरची, मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची. लिफ्ट बंद होती. हेमचंद्र जिन्याच्या वळणावर थांबून भिंतीवरची आग लागल्यास काय करावे याची सूचना वाचत उभा राहिला. भार्गवी वरच्या पायरीवर उभी राहून त्याच्या टाळूकडे बघत होती. त्याने सूचना फार सावकाश वाचली.

वर मात्र त्याने बैठक जिंकली.

"काय हो वकीलसाहेब," सुनेत्रा वाढता वाढता म्हणाली, "आमच्या कुत्र्याचासुद्धा विमा आहे!"

"त्याने स्वतः घेतलाय?" हेमचंद्रने विचारलं.

सगळे खदखदून हसले. सुनेत्राही. मग ती त्याच्याशेजारी बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "थट्टा सोडा. इथे एक सोय आहे, मी चौकशी केलीय. काही जुन्या वळणाची चर्चवाली माणसं आहेत, विमा उतरवणं म्हणजे देवावर अविश्वास म्हणतात. त्यांना सरकार सूट देतं. तुम्हीपण सांगून टाका, आमच्या धर्मात बसत नाही म्हणून. कोण पुण्याला जाऊन विचारणार आहे?"

"सुनेत्राबाई, माझी एलआयसी आहे. मी स्वतः, आनंदाने काढलेली. माझा विम्याला विरोधच नाही."

"मग घोडं अडलंय कुठे?"

"जबरदस्तीपाशी. आणि कोर्टाला खोटं कसं सांगायचं?"

"म्हणजे बाकीच्यांना सांगितलं तर चालतं?" भार्गवी समोरून म्हणाली.

तो तिच्याकडे बघायचं टाळून ताकाच्या वाटीकडे वळला. बाकीच्यांना तो नवरा-बायकोमधला टोमणा वाटला आणि विषय कुत्र्यावर गेला.

सोमवारी भार्गवीने ऑफिसातून पुण्याला फोन लावला. डॉक्टर रणजित हा हेमचंद्रचा शाळेपासूनचा मित्र. इथली बरीच आपली माणसं करतात तेच हेमचंद्रही करायचा. इथल्या डॉक्टरकडे जायचं नाही, पुण्याच्या मित्राला विचारायचं आणि बॅगेत आणलेल्या गोळ्या घ्यायच्या.

"वहिनी, तुम्हीच फोन केलात ते बरं झालं," रणजित म्हणाला. "मागच्या महिन्यात मला या वकिलाचा फोन. म्हणे, माझ्या एका अशिलाला चढ चढताना छातीत आवळल्यासारखं होतं, थांबलं की थांबतं, हे काय असेल? मी म्हटलं, लेका, हॉलंडमध्ये तुला अशील कुठून मिळालं? तर म्हणतो, गोपनीय असतं ते."

भार्गवी खिडकीपाशी उभी होती. खाली मास नदीतून एक लांबलचक बोट वाळू घेऊन चालली होती, अगदी सावकाश.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं तुझ्या अशिलाला उद्याच्या उद्या हॉस्पिटलात नेऊन टाक. फोनवरून मला नाडी लागत नाही, वहिनी. पण हे वाऱ्याचं दुखणं नाही. गेला का तो?"

"नाही."

"का?"

"गुरुवारी सुनावणी आहे."

रणजित म्हणाला, "सांगा त्याला, या दुखण्याची तारीख त्याच्या हातात नाही म्हणावं."

त्या संध्याकाळी भार्गवीने रेनकोटही काढला नाही. दारातूनच म्हणाली, "रणजितशी बोलले."

हेमचंद्र टेबलाशी बसून उभ्याने बोलायचं भाषण बसून म्हणत होता. थांबला.

"फितूर झाला म्हण की," तो म्हणाला.

"हसू नकोस. आत्ता निघायचं. आपण पैसे भरू, विम्याचं नंतर बघू."

"नंतर नाही बघता येत. डॉक्टरकडे गेलो की मी आजारी. समजून घे. धडधाकट माणूस उभा राहून म्हणतो, मला ही सक्ती नको, तर ते तत्त्व असतं. छाती धरून तोच माणूस तेच म्हणाला, तर तो वेडा असतो. कोर्ट प्रश्नाकडे बघतच नाही मग. माझ्याकडे बघतं."

"आणि मी कुणाकडे बघू?"

त्याने समोरचे कागद सारखे केले.

"मी फोन काढून पाच मिनिटांत तुझं नाव माझ्या विम्यात घालू शकते," भार्गवी म्हणाली. "तुझी सहीसुद्धा लागत नाही."

"माहीत आहे."

"मग तुझी ती तातडी-बितडी सगळी संपली. विमा आहे म्हटल्यावर स्थगिती कसली मागणार?"

"तेही माहीत आहे. घाल." तो आरडाओरडा करत नव्हता. केला असता तर तिला सोपं गेलं असतं. "मी अडवणार नाही. भांडणारही नाही. फक्त एक ध्यानात घे. गुरुवारी मी वकील आहे. तू नाव घातलंस तर त्या क्षणापासून मी दिवे तपासणारा माणूस आहे, आणि आता शेवटपर्यंत तोच राहणार."

तिने फोन हातात घेतला. विमा कंपनीचं पान उघडलं. 'जोडीदार जोडा' असं तिथे निळ्या अक्षरांत होतं. ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. टेबलापलीकडे तो पुन्हा पुटपुटायला लागला होता, डचमधून, एकेक क्रियापद वाक्याच्या टोकाला नेऊन ठेवत. किती दिवसांनी त्याच्या आवाजाला ती जुनी धार आली होती. तिने फोन उलटा करून ठेवला. आपण चूक करतोय की बरोबर, ते तिला त्या रात्रीही कळलं नाही, मंगळवारी नाही, बुधवारी नाही. रोज तो दुकानातून परतायच्या वेळी ती खिडकीत उभी राहायची. वळणावर पिवळा रेनकोट दिसला की तिचा श्वास सुटायचा.

गुरुवार उजाडला. हेमचंद्रने पुण्याहून आणलेला काळा कोट चढवला. गळ्यातली पांढरी पट्टी पेटीतच ठेवली. इथे तो वकील नव्हता, पक्षकार होता, आणि कोर्टात कुणी काय घालायचं याबाबत तो काटेकोर होता.

ट्राममध्ये दोघं शेजारी बसले. भार्गवीला एक जुनी सकाळ आठवत होती. एका मोठ्या बिल्डरचा दावा हेमचंद्र लढवत होता. समोरचा वकील नवखा होता, त्याच्या अशिलाच्या बाजूचा वरच्या कोर्टाचा एक निकाल त्याला सापडलाच नव्हता. हेमचंद्रला सापडला होता. त्याने उठून तो न्यायाधीशांना स्वतःच दाखवला, स्वतःच्या पक्षकाराच्या विरुद्ध, कारण कायदा ठाऊक असून कोर्टाला अंधारात ठेवायचं नसतं. बिल्डर त्याला सोडून गेला, आणि बिल्डरबरोबर आणखी दोन-तीन अशील गेले. घरी हाच माणूस "ट्रॅफिक होता" म्हणून बेमालूम थाप मारून तासभर कट्ट्यावर बसून यायचा. घरचं सत्य वेगळं आणि कोर्टातलं वेगळं, हे तिने लग्नापासून पाहिलं होतं. घरी तो थापाड्या होता. कोर्टात नाही.

हेगच्या न्यायालयात तिने लिफ्ट शोधली. तो नाही म्हणाला नाही.

दालन छोटंसं होतं. पुण्याच्या कोर्टातली वर्दळ नाही, पुकारा नाही, पंख्याची घरघर नाही. फिकट लाकडाची टेबलं, पाण्याचे जग. सरकारतर्फे एक तरुण बाई आली होती, तिने हेमचंद्रला हसून नमस्कारासारखी मान लववली. न्यायाधीशही बाईच. आखूड पिकलेले केस, काळा झगा, नाकावर चष्मा. मागच्या खुर्च्यांवर एकटी भार्गवी.

हेमचंद्र उठला. आणि मग जे झालं ते तिने पुण्यात शंभरदा पाहिलं होतं, तरी पुन्हा पाहताना तिच्या अंगावर काटा आला. त्याचे खांदे मागे गेले. आवाज मोठा केला नाही, नुसता पुढे टाकला. भाषा परकी होती, उच्चार तिरपे होते, पण मांडणी मांडणीच होती. सरकार कर घेऊ शकतं, बांध बांधू शकतं, शाळेत पाठवू शकतं. नागरिकाला गिऱ्हाईक करू शकतं का? ज्याने काहीच केलं नाही, त्याच्या काही न करण्याला शिक्षा देऊ शकतं का? मध्ये तो थांबला. भार्गवी खुर्चीच्या टोकाला आली. मुद्दा मुरावा म्हणून तो थांबायचा तेव्हा त्याची नजर न्यायाधीशावर असायची. आता ती टेबलावर होती. तो पाणी प्यायला. पुढे गेला.

न्यायाधीशबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"श्रीयुत गोवंडे," त्या म्हणाल्या, "तुमचा अर्ज मी दोनदा वाचला. इतका नीट लिहिलेला अर्ज माझ्यासमोर क्वचित येतो. पण तुम्ही मला घटनेचं जे विचारता, ते ठरवण्याचा अधिकार मला नाही. संसदेने केलेला कायदा मी घटनेवर घासून बघू शकत नाही. हे मी टाळत नाही. आमची घटनाच तसं सांगते."

"मला कल्पना आहे, महोदया," तो म्हणाला. "पण मग या देशात हा प्रश्न मी विचारायचा कुणाला?"

"ज्यांनी कायदा केला त्यांना."

"त्यांनी तर उत्तर आधीच देऊन ठेवलंय."

सरकारतर्फेच्या बाईलासुद्धा हसू आवरलं नाही. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. भिंत होती. ठोकून पाहिली, आवाज भरीव आला. हेमचंद्रच्या मानेवरून भार्गवीला कळलं की त्यालाही तो ऐकू आला.

"आंतरराष्ट्रीय करारांवरचे तुमचे मुद्दे मला तपासता येतील," त्या पुढे म्हणाल्या. "त्याला वेळ लागेल. आज माझ्यापुढे प्रश्न एवढाच की तोवर स्थगिती द्यायची का. दिली, तर तुम्ही विम्याविना राहणार. त्यात जोखीम आहे. ती तुम्हाला पेलवेल हे मला दिसलं पाहिजे." त्यांनी पान उलटलं. "तुम्ही लिहिलंय, माझी तब्येत उत्तम आहे, मला कुठलाही त्रास नाही. हे अर्ज केलात तेव्हाचं झालं. आजही तसंच आहे?"

साधा प्रश्न. विचारायचा म्हणून विचारलेला. त्या पेन उचलून उत्तराची वाट बघत होत्या, आणि 'हो' एवढं म्हटलं की स्थगितीची निदान आशा होती. भार्गवीने दोन्ही हातांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली. हो म्हण, असं तिच्या मनात एकदा आलं. वर्षभराचा त्याचा घाम, ती क्रियापदं, तो परत आलेला आवाज. पुढच्याच क्षणी तिला स्वतःची भीती वाटली.

हेमचंद्र मागे वळला. सुनावणीत तो कधी घरच्यांकडे बघायचा नाही. आज बघितलं. मग पुन्हा समोर वळला.

"नाही," तो म्हणाला.

पेन थांबलं.

"चढ लागला की छातीत दुखतं. थांबलं की थांबतं. बरेच आठवडे झाले. हे मी अजून कुणाजवळ कबूल केलेलं नाही. माझ्या पत्नीजवळसुद्धा."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "आणि आत्ता?"

"आत्ता," हेमचंद्र म्हणाला आणि त्याने हात टेबलावर टेकवला, "आत्ता थांबत नाहीये."

मग सगळं एकदम झालं. कोर्टाचा शिपाई फोनवर बोलायला लागला. सरकारतर्फेची बाई उठून खुर्ची घेऊन धावली आणि हेमचंद्रला तिने आपल्या हाताने बसवलं. भार्गवी गुडघ्यांवर त्याच्यासमोर. त्याचा हात गार होता.

"मी तुझं नाव घालतेय," ती म्हणाली. "आत्ता, इथे. ऐकतोयस?"

त्याने मान हलवली. हो.

तिने ती निळी अक्षरं दाबली. काय काय विचारलं, तिने काय काय भरलं, तिला काही आठवत नाही. तेवढ्यात पिवळ्या-हिरव्या कपड्यांतली रुग्णवाहिकेची दोन माणसं खोके घेऊन आत आली. त्यांनी त्याचं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, कुठल्या औषधाचं वावडं आहे का विचारलं. शर्टाची बटणं सोडून छातीवर तारा चिकटवल्या. विम्याचं कुणी काही विचारलं नाही. त्यातली बाई यंत्रातून निघालेल्या पट्टीवरून नजर फिरवून भार्गवीला म्हणाली, "हृदयाची तक्रार आहे, पण अजून झटका बसलेला नाही. वेळेत आलोय. आता मात्र थांबायचं नाही."

त्याला स्ट्रेचरवर घेतलं, पट्टे आवळले. न्यायाधीशबाई अजून तिथेच होत्या. झग्यासकट उभ्या, हात एकमेकांत गुंतवलेले.

"श्रीयुत गोवंडे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आता कशाची काळजी करू नका. मी सुनावणी तहकूब करते. तुम्हाला पुढची तारीख देऊ."

तारीख हा शब्द ऐकून पट्ट्याखालचा त्याचा हात वर आला. तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा त्याने बोटाने बाजूला केला. पिवळ्या कपड्यांतला माणूस त्याला गप्प करायला वाकला. भार्गवीने त्या माणसाच्या दंडाला धरलं आणि मान हलवून विनवलं, एक मिनिट.

"तारीख नको," हेमचंद्र म्हणाला. "ज्या विधानावर अर्ज उभा होता ते खरं राहिलं नाही. असा अर्ज चालवत नाहीत. तो मी मागे घेतोय, महोदया. प्रश्न मागे घेतलेला नाही, तेवढं लिहून घ्या."